चतुःसीमा

रविवारी दुपारी चारच्या चहाला केशवरावांनी वहीतलं एक वाक्य मोठ्याने वाचलं. ‘पाणी यायचं असलं की आधी आवाज येतो, मग वास येतो, आणि मग पाणी येतं.’ वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, वहीत बोट अडकवून ठेवलं आणि मुलीकडे बघून म्हणाले, “मनू, ही बाई खरं बोलतेय. असं खोटं नाही बोलता येत माणसाला.” मनस्विनी बशीत चहा ओतत होती. तो कडेवरून तिच्या मांडीवर सांडला, चांगला चटका बसला, आणि तिला त्या चटक्याचं बरंच वाटलं, कारण चेहरा का बदलला याला निमित्त मिळालं. ते वाक्य तिचं होतं. फुलंब्रीच्या कुणा आवडाबाईच्या नावाने तिने ते फेब्रुवारीत, ऑफिसात, डबा खाऊन झाल्यावरच्या वीस मिनिटांत लिहिलं होतं. आवडाबाई नावाची बाई फुलंब्रीत असेलही, पण ती ही नव्हती. ही जन्माला आली ती जवाहर कॉलनीत, टायरच्या दुकानावरच्या खोलीत, कीबोर्डवर. तिला घर, सून, दोन म्हशी आणि कोरडी पडलेली विहीर मनस्विनीनेच दिली होती. “कोण बाई?” तिने विचारलं. विचारताना स्वतःचाच आवाज तिला तिऱ्हाइताचा वाटला.

“फुलंब्रीची. उत्तरेची साक्ष,” म्हणत केशवरावांनी वही तिच्यापुढे सरकवली. नवी कोरी शंभर पानी वही, समासाची लाल रेघ पट्टीने मारलेली. वर ठसठशीत अक्षरात ‘कडूबा पाणाडी : चौकशी’, आणि खाली चार नोंदी. पूर्वेस करमाड, सांडू, फळबागवाला. पश्चिमेस लासूर स्टेशन, पुंडलिक, आडतीवर मुनीम. दक्षिणेस बिडकीन, बुद्धभूषण, शिक्षक. उत्तरेस फुलंब्री, आवडाबाई. प्रत्येकाचं म्हणणं थोडक्यात, आणि इंटरनेटवरचं ते पान मोबाइलवर कधी वाचलं त्याची तारीख आणि वेळ. सगळी तिचीच पिलावळ. बापाच्या अक्षरात ती एका रांगेत उभी होती आणि तिच्याकडे बघून ओळख दाखवत होती. “बुधवारी सकाळी आठला येतोय कडूबा,” केशवराव सांगत होते. “पाण्याची जागा दाखवली की लगेच बोअरची गाडी. मी सोसायटीच्या मोतीरामजींना शब्द देऊन टाकलाय. चारी बाजू बघितल्या, मगच दिला.”

गारखेड्यातल्या त्या इमारतीत चोवीस बिऱ्हाडं. नळाला पाचव्या दिवशी पाणी, तेही वरच्या टाकीत चढेल तर शपथ. जुनी बोअर आटली, आणि गेल्या उन्हाळ्यात दुसरी मारली तिच्यातून नुसता पांढरा फुफाटा निघाला, वाळत घातलेले कपडे तेवढे पुन्हा धुवावे लागले आणि धुवायला पाणी नव्हतं. धरणात तळ दिसू लागल्याचे फोटो पेपरात रोज येत होते आणि बीड बायपासच्या पलीकडे रोज एक नवी इमारत उभी राहत होती, जिच्या बोर्डावर हटकून कारंजं काढलेलं असायचं. आता कंपाउंडात गाडी उभी राहील अशी मोकळी जागा मागच्या अंगाला तेवढी उरली होती. तिथेही नुसती धूळ निघाली असती तर सगळा उन्हाळा टँकरवाल्याच्या पाया पडण्यात जाणार होता. म्हणूनच मीटिंगमध्ये हार्डवेअरचं दुकान चालवणारे चेअरमन मोतीरामजी म्हणाले होते, “पाणाडी साहेबांनीच बघावा. साहेब ठोकून-वाजवून घेणारा माणूस. त्यांनी हो म्हटलं की आपण डोळे झाकून खड्डा खणू.” चोवीस घरांनी माना हलवल्या. बायको, कालिंदीबाई, गेल्यापासून तीन वर्षं दाढीसुद्धा नेमाने न करणाऱ्या केशवरावांनी दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घातला आणि वही आणली.

केशवराव तहसिलीत अव्वल कारकून होते. चौतीस वर्षं त्यांनी एकच गोष्ट केली : जमिनीच्या चतुःसीमा तपासल्या. जमिनीचा मालक काय सांगतो ते ऐकून घ्यायचं, मान डोलवायची, आणि मग पूर्वेच्या, पश्चिमेच्या, दक्षिणेच्या, उत्तरेच्या शेजाऱ्याला वेगवेगळं गाठून विचारायचं. शेजारी सांगतील ती जमीन, मालक सांगेल ती नुसती सांगोवांगी. भाजीवाला असो, डॉक्टर असो की मुलीला आलेलं स्थळ असो, घरीही त्यांचा हाच खाक्या. तीन स्थळं तर त्यांच्या चतुःसीमेतच अडकून परत गेली, आणि मनस्विनीला त्याचं फारसं दुःख झालं नव्हतं. आता गुडघ्यांनी दगा दिला होता, स्कूटर विकली होती, तेव्हा फुलंब्री काय आणि लासूर काय, सगळं मोबाइलवरच. आवडाबाईने फोन नंबर दिला नव्हता हेही त्यांना बरोबर वाटलं. बाईमाणूस नंबर देईल कशाला?

ती नऊ वर्षांची असताना त्यांनी तिला एकदा लासूर स्टेशनला नेलं होतं. स्कूटरवर पुढे उभी राहून, तोंडात धूळ. एका लिंबाखाली तीन माणसं हात बांधून उभी होती आणि एकामागून एक बोलली. आमच्या समक्ष, राजीखुशीनं, कोणताही वाद नसताना. तिघांचीही वाक्यं तीच. बाबांनी कागद मिटून पिशवीत घातले, पाणीसुद्धा न घेता निघाले. परतीच्या वाटेवर ओरडून ओरडून, वाऱ्यात अर्धं हरवत, ते सांगत होते, “खरी माणसं एकसारखं कधी बोलत नाहीत, मनू. एकाला बांध आठवतो, एकाला बाभूळ आठवते, एकाला नुसतं भांडणच आठवतं. तिघांना तेच आठवलं की समजायचं, शिकवून आणलेत.” तो धडा तिच्या डोक्यात असा बसला की आयुष्यभर उपयोगी पडला. कसा पडला ते मात्र बाबांना कधी कळलं नव्हतं. त्यांच्या लेखी ती कॉम्प्युटरवर लोकांच्या दुकानांची माहिती लिहायची.

कामाला लागली त्या आठवड्यात वरदने, तिच्यापेक्षा चार वर्षांनी लहान असलेल्या तिच्या बॉसने, फळ्यावर एक गोल काढून त्याच्याकडे येणारे बाण काढले होते. गोल म्हणजे गिऱ्हाइकाची वेबसाइट. बाण म्हणजे बॅकलिंक. दुसऱ्या कुणाच्या साइटवर आपलं नाव आलं, त्या नावावर बोट ठेवलं की माणूस थेट आपल्या दारात आला, ही झाली एक लिंक. “गूगल तुमचं ऐकत नाही,” वरद म्हणाला होता, “तुमच्याकडे बोट कोण दाखवतं ते बघतो. जितकी बोटं, तितके तुम्ही वर.” तिला हसूच आलं होतं. हे तर घरचंच. मग बोटं पैदा करायची म्हणून वरदने चाळीस साइट काढून ठेवल्या होत्या. एक पाककृतींची, एक गावजत्रांची, एक शेतीसल्ल्याची, एक नुसत्या उखाण्यांची. कुणी वाचावं म्हणून नव्हेच, गूगलने मोजावं म्हणून. सगळ्यांवर तीच तीच वाक्यं चिकटवली की गूगलला संशय यायचा आणि गिऱ्हाईक धाडकन खाली पडायचं. तेव्हा मनस्विनी म्हणाली, हे माझ्याकडे द्या. तिने कडूबाचे साक्षीदार चारी दिशांना पांगवले, प्रत्येकाला त्याची त्याची आठवण दिली. सांडूला मोसंबीची कलमं आठवली, मुनिमाला मशीनचा आवाज, मास्तरांना शाळेतल्या पोरांच्या ओंजळी. आवडाबाईपाशी आली तेव्हा दमली होती, काही सुचेना, म्हणून आई घातली. गुलमंडीच्या जुन्या भाड्याच्या घरात आई नळाखाली ताट पालथं घालून निजायची, पहिल्या थेंबाचा आवाज व्हावा म्हणून, आणि म्हणायची, आधी आवाज येतो, मग वास येतो. बापाने खोटं ओळखायला शिकवलं होतं, लेकीने त्याच पाठावर बेमालूम खोट्याचं दुकान थाटलं. आणि इतके दिवस तिला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, हे आता, रविवारी संध्याकाळी, खोलीतून गॅलरीत आणि गॅलरीतून खोलीत फिरताना तिला पहिल्यांदा जाणवत होतं. फिरता फिरता ती मोरीतला नळ सोडून बघत होती. पाण्याचा दिवस परवाचा होता, तिला माहीत होतं. तरी सोडत होती आणि बंद करत होती.

कडूबा जानेवारीत गिऱ्हाईक म्हणून ऑफिसात आला होता. पांढरी टोपी, पिशवीत नारळ. नारळ तळहातावर आडवा ठेवायचा, चालायचं, पाणी असेल तिथे तो उभा राहतो. तसं करून दाखवू का म्हणाला, तर वरद म्हणाला, खाली टायरवाल्याचं दुकान आहे, राहू द्या. मनस्विनीने माहिती घेताना विचारलं, दहापैकी किती ठिकाणी पाणी लागतं? कडूबाने बोटं मोजली, एक पुन्हा मोजलं. “चार लागत्यात, मॅडम. एखांद्या साली पाच. खोटं कशाला बोलू, पानी काय माझ्या बापाचं हाय व्हय?” तिला तो माणूस आवडला होता. आणि मग तिने ‘दहापैकी नऊ’ लिहिलं. वरदने सांगितलंही नव्हतं. चार हा आकडा त्या पानावर बरा दिसत नव्हता, एवढंच.

सोमवारी तिने ऑफिसात सगळं सांगून टाकलं. वरद आधी हसला, मग तिचा चेहरा बघून आवरला. “अगं, म्हणजे आपलं काम एक नंबर झालंय,” तो म्हणाला. “तुझ्या बाबांसारख्या माणसाला पटलं म्हणजे बघ. आणि पाणी लागलं तर? लागूही शकतं ना? बुधवारी सकाळी लवकर निघ घरून, कडूबाच्या समोर येऊ नकोस, झालं.” चोराच्या मनात चांदणं, तसं तिलाही हे आधीच सुचलं होतं, आणि सुचलं याची लाज वाटली होती. वरद चहाला गेल्यावर तिने लासूरच्या पुंडलिकाचं पान उघडलं आणि पुसून टाकलं. मग करमाडचं, मग बिडकीनचं. आवडाबाईच्या पानावर आल्यावर बोट अडलं. काय पुसतोय आपण? ते वाक्य आईने कुठे लिहून ठेवलं नव्हतं, आईचा आवाज कुणाच्या मोबाइलमध्ये नव्हता. उभ्या दुनियेत ते एवढ्याच जागी होतं, एका खोट्या बाईच्या नावावर. तिने पान तसंच ठेवलं आणि कॉम्प्युटर बंद केला. तीन साक्षी गेल्या, आता बाबांना आपोआप शंका येईल, आपल्याला तोंड उघडावंच लागणार नाही, असा हिशेब करत ती घरी गेली. भित्र्या माणसाचे हिशेब असेच असतात.

मंगळवारी संध्याकाळी केशवराव जेवायच्या आधी म्हणाले, “तीन पानं उघडत नाहीयेत कालपासून.” तिने मान वर केली. “पण मी नक्कल करून ठेवली होती ना. आणि गंमत बघ, ती तिन्ही आणखी दोन-दोन ठिकाणी सापडली, शब्दाला शब्द. लोक उतरवून घेतायत. उगीच का घेईल कुणी?” ती उतरवून घेणारी माणसं नव्हती, दुसऱ्यांचं आयतं उचलून पानं भरणाऱ्या तिच्याचसारख्या साइट होत्या, हे सांगायला तिने तोंड उघडलं. पण ते वहीवर हात ठेवून वेगळंच बोलू लागले होते. “खरं सांगू? तिघांवर मी थांबणार होतो. आकड्यांचं मला नेहमी वावडं, नऊ म्हणतात म्हणजे सात धरावेत. पण ही बाई वाचली. तुझी आई असंच म्हणायची. आठवतं तुला?” “हो,” ती म्हणाली. “फुलंब्रीची एक बाई आणि तुझी आई. ओळख ना देख. तेच वाक्य.” मग त्यांनी स्वतःच ताटं घेतली, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा भात मागून वाढून घेतला. मनस्विनीला तो भात बघवेना. तिच्याच्याने त्या रात्री सांगणं झालं नाही. सांगायचं म्हणजे आकडा खोटा आहे एवढंच सांगून भागणार नव्हतं. कुठेतरी दूर आणखी एक बाई कालिंदीसारखं बोलते, हे जे त्यांच्या हाताला लागलं होतं, ते हिसकावून घ्यायचं होतं.

बुधवारी सात वाजता बोअरची गाडी मागे मागे येत कंपाउंडात शिरली. लोक कप घेऊन गॅलऱ्यांत उभे राहिले. मनस्विनीने पर्स खांद्याला लावली, चपला घातल्या. केशवराव इस्त्रीच्या शर्टाला पेन लावत होते. “बाबा,” ती म्हणाली. “येते म्हण,” ते म्हणाले. तशीच जिना उतरून गेली असती तर रिक्षा मिळेपर्यंत सगळं मागे पडलं असतं. पाणी लागलं असतं तर बाबा जिंकले असते. नाही लागलं असतं, तर लोक म्हणाले असते, म्हातारा फसला. तिच्यावर कुणाचंही बोट आलं नसतं. “बाबा, ते चौघं मी लिहिलेत.” त्यांना कळलंच नाही. “लिहिलेस म्हणजे? त्यांनी सांगितलं, तू लिहून घेतलंस?” “नाही. माणसंच नाहीत ती. मी केलीत. कडूबाच्या साइटवर लोक यावेत म्हणून. तेच माझं काम आहे.”

केशवरावांनी वही उघडली, पहिल्या नावावर बोट ठेवलं. “सांडू?” “नाही.” “पुंडलिक?” “नाही, बाबा.” “मास्तर?” तिने मान हलवली. चौथ्या नावाशी बोट आलं आणि तिथेच थांबलं. त्यांनी विचारलं नाही. खालून मोतीरामजींची हाक आली, “साहेब, या! तुमच्यामुळं अडलंय!” केशवरावांनी वही मिटून टेबलावर ठेवली, कठडा धरला आणि एकेक पायरी, दोन्ही पाय टेकवत, उतरू लागले. तिला ओरडून थांबवावंसं वाटलं. ती त्यांच्या मागोमाग जिन्याच्या वळणापर्यंत गेली आणि तिथल्या सिमेंटच्या जाळीआड उभी राहिली.

“थांबवा, मोतीरामजी,” केशवराव खाली म्हणत होते. “माझ्या चौकशीत चूक झाली. साक्षी खोट्या निघाल्या. चारही.”

“आत्ता सांगता? मशीन दारात उभंय, साहेब! कोण म्हणलं खोट्या?”

“एक माणूस म्हणाला.”

“एक?” मोतीरामजींनी सगळ्यांकडे बघितलं. “अहो, चौघांचं ऐकून शब्द दिलात, अन् एकाचं ऐकून मोडता? तुम्ही?”

“हो. त्या एकावर माझा विश्वास आहे.”

“मंग नाव सांगा ना त्याचं.”

“ते सांगणार नाही. चूक माझी धरा.”

कुणीतरी हसलं. कुणीतरी हळूच, पण जिन्यापर्यंत ऐकू येईल इतपत, म्हणालं की वहिनी गेल्यापासून साहेबांचं जरा असंच चाललंय. केशवराव त्या माणसाकडे बघत राहिले. पांढऱ्या शर्टातली त्यांची पाठ तिच्याकडे होती. चौतीस वर्षांत त्या पाठीमागे कुणी हसलेलं तिने पाहिलं नव्हतं. बाबांनी तिला चारी बाजूंनी झाकलं होतं. ती इथून हलली नसती तरी चाललं असतं, आणि नेमकं तेच तिला सोसेना. इतक्या जणांच्या तोंडून इतकं बोलून झालं, आणि स्वतःच्या तोंडून बोलायचं तर जीभ टाळ्याला चिकटली. ती उतरली, माणसांतून वाट काढत मध्ये आली.

“तो माणूस मी आहे,” ती म्हणाली. “त्या साक्षी मीच लिहिल्या. खोट्या.”

“आरं, मॅडम!” आठाच्या आधीच येऊन गाडीच्या सावलीत बसलेला कडूबा नारळ घेऊन उठला. त्याला खरोखर आनंद झाला होता. “तुमी हितं राहता व्हय? लई बरं झालं बगा. तुमीच सांगा आता ह्यास्नी.”

“कडूबा, जानेवारीत तुम्ही मला काय सांगितलं होतं? दहात किती लागतात?”

त्याने माणसांकडे बघितलं, मशीनकडे बघितलं. खोटं बोलायला त्याला सगळी मोकळीक होती. “चार,” तो म्हणाला. “धात चार. पन तुमी नऊ लिवलं, अन् मंग ह्या गावाचं बोलावनं, त्या गावाचं बोलावनं. म्या म्हनलं, शिकलेलं मानूस हाय, त्यानला काय ठावं असंल. मलाबी वाटाय लागलं, नऊच लागत असत्याल.”

आता शिव्या बसतील म्हणून मनस्विनीने अंग चोरलं. तिला त्या हव्याच होत्या. पण मोतीरामजी हनुवटी खाजवत मनाशी काहीतरी जुळवत होते. “दहात चार,” ते म्हणाले. “आपलं आजच्या घडीला काय? दोनात शून्य. म्हणजे चार काय वाईट नाय. काय म्हणता?” काहीजण हसले. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी मनस्विनीकडे एकदा बघितलं आणि तोंड फिरवलं. बाकी कुणाला तिच्याशी काही घेणं नव्हतं. त्यांना पाणी हवं होतं. कडूबाने टोपी सरळ केली, नारळ तळहातावर आडवा ठेवला, डोळे अर्धवट मिटले आणि तो चालू लागला. सगळी गर्दी त्याच्या हाताकडे बघत त्याच्यामागून सरकली.

केशवराव गेले नाहीत. ते जिन्याच्या पहिल्या पायरीपाशी एकटेच उभे होते. ती जवळ गेली. पलीकडे नारळ कुठेतरी उभा राहिला असावा, कारण लोक ओरडले आणि पाठोपाठ मशीनचं इंजिन सुरू झालं. त्या आवाजात केशवरावांना मोठ्याने बोलावं लागलं.

“आईचं आणखी कुठं कुठं लिहिलंयस?”

ती आठवू लागली. मेथीची भाजी निवडताना बोलणारी जालन्याची कुणी सुलेखा. जत्रेत हरवलेल्या पोरीला शोधणारी कुणी चंपाबाई. उखाण्यांच्या पानावरच्या कितीजणी. सुचेना झालं की ती दर वेळी तिथेच तर जायची, आणि किती वेळा गेली ते तिने कधी बघितलंच नव्हतं.

“बऱ्याच ठिकाणी, बाबा.”

त्यांनी कठडा धरला. डोळे भरून आले होते, ते त्यांनी लपवले नाहीत.

“चल वर,” ते म्हणाले. “सगळी दाखव मला.”